पाठवलेली पत्रं

"लिमयेबाई, फॉरमॅट मारावं लागेल," फोनवरचा माणूस म्हणाला. "जुनं काही राहणार नाही. पण मशीन नव्यासारखं पळेल बघा."

"जुनं काही म्हणजे? पत्रंसुद्धा?"

"मेल वगैरे सगळं जाणार. फार महत्त्वाचं असेल तर आधी छापून घ्या. दुपारी येऊ का?"

छापून घ्यायचं तर मेलचा प्रोग्राम उघडायला हवा, आणि तो तीन दिवस उघडतच नव्हता. टिचकी मारली की खिडकी यायची, डिस्कवर जागा नाही असं इंग्रजीत सांगायची आणि मिटून जायची. 'दुपारी या,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मागून आवाज आला.

"आई, त्यांना नको म्हणून सांगा."

यशोधरा, माझी सून, दारात उभी होती. हातात वाळत घालायच्या कपड्यांची बादली. "फॉरमॅटची काही गरज नाही. सी ड्राइव्ह भरलाय एवढंच. पत्रांचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेऊ. होऊन जाते."

हे 'होऊन जाते' तिचं भंडाऱ्याकडचं. मी फोनवर "नंतर कळवते" म्हटलं आणि ठेवून दिला.

ही दोन हजार आठ सालच्या मार्चमधली गोष्ट, मिरजेतली. भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. माझी ताई मस्कतला असायची. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि ताई वीस. माझ्या वेण्या घालण्यापासून माझं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. साठी उलटल्यावर ती हौसेने कॉम्प्युटर शिकली आणि मलाही शिकायला लावलं. चार वर्षं आम्ही एकमेकींना मेल लिहिले. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'वाट' लिहिलेलं 'वात' वाचलं जायचं आणि त्यावर पुढचं अर्धं पत्र हसण्यात जायचं. त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये ताई गेली. सकाळी चहा घेता घेता, एका मिनिटात. भावोजींची नजर अधू. त्यांनी तिचा कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला. मेल इकडे उतरला की तिकडून पुसला जायचा, मुलाने तशीच मांडणी करून दिली होती. म्हणजे जगात ताईचे शब्द होते ते माझ्या त्या टेबलावरच्या खोक्यात. आणखी कुठेच नाही.

निनाद माझा एकुलता एक मुलगा. कंपनीच्या कामासाठी आठ महिने जर्मनीला गेलेला. यशोधरा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होती, म्हणून ती माझ्याजवळ राहत होती. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. पण एका घरात आम्ही दोघीच, असं पहिल्यांदाच. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला जेवढं बोलावं लागतं तेवढंही आम्ही बोलत नव्हतो. ती सकाळी सातला डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, स्वतःचं ताट लगेच घासून वेगळं ठेवायची. वेगळं ठेव असं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ठेवू नकोस असंही सांगितलं नव्हतं.

म्हणूनच कॉम्प्युटर बिघडल्यावर घरात इंजिनिअर असताना मी तीन दिवस गल्लीतल्या लोकांना विचारत हिंडले होते.

तो रविवार होता. कपडे वाळत घालून ती आली आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"लाइट कितीला जाते आज?"

"साडेअकराला." तेव्हा भारनियमन होतं, रोजचं तीन तास.

"मग दोन तास आहेत. पुष्कळ झाले." तिने माउस हातात घेतला. "हे बघा. प्रोग्राम इथे आहे आणि पत्रं या फोल्डरमध्ये. दोन्ही सी-वर. डी अख्खा रिकामा पडलाय. आधी प्रोग्राम पूर्ण बंद करायचा. मग फोल्डर डी-वर कॉपी करायचं. कट नाही करायचं, आई, कॉपी. कट केलं आणि मध्येच लाइट गेली तर इथलंही नाही आणि तिथलंही नाही. मग प्रोग्रामला नवा पत्ता सांगायचा. सगळी पत्रं दिसतायत, आकडा जुळतोय, अशी खात्री झाली की मगच इथलं पुसायचं."

पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवलं होतं, पण इतकं स्वच्छ समजावून सांगितलेलं मी क्वचितच ऐकलं होतं. पण माझ्या मनात भलतंच चाललं होतं.

"हे करताना पत्रं उघडावी लागतात का गं?"

"छे. पेटी हलवायची तर आत काय आहे ते बघावं लागत नाही."

मी निर्धास्त झाले. फोल्डर लपवलेलं होतं, ते शोधायलाच तिला दहा मिनिटं लागली. सापडल्यावर तिने आतल्या फाइली दाखवल्या. एक आलेल्या पत्रांची, एक पाठवलेल्या पत्रांची, बाकी किरकोळ. कॉपी सुरू झाली. पडद्यावर कागद एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत उडत चालले. मी मनात रामरक्षा म्हणत होते. आलेल्या पत्रांची फाइल पार पडली.

"ताईंची सगळी आली," ती म्हणाली, आणि माझे डोळे भरून आले. ते तिला दिसू नयेत म्हणून मी खिडकीकडे बघितलं.

तेवढ्यात कॉम्प्युटरने घरघर केली. पट्टी अर्ध्यावर थांबली. फाइल वाचता येत नाही, असा काहीतरी निरोप आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच.

"पाठवलेल्या पत्रांची अडकतेय," ती म्हणाली. "डिस्कचा तेवढा तुकडा खराब झालाय. म्हणजे तुमची पत्रं. तुम्ही ताईंना लिहिलेली."

"राहू दे." मी इतक्या घाईने म्हटलं की तिने वळून पाहिलं. "माझी काय महत्त्वाची आहेत? ताईची आली, झालं."

"असं कसं? त्यांची सगळी पत्रं तुमच्या पत्रांना उत्तरं आहेत. तुमची नसली तर त्या कशाबद्दल बोलतायत ते पाच वर्षांनी तुम्हालाही कळणार नाही."

"मला आठवेल."

"आई, मला एक दिवस द्या. कॉलेजात एक छोटा प्रोग्राम आहे. जेवढं वाचता येईल तेवढं वाचतो, खराब भाग सोडून पुढे जातो. तोवर कॉम्प्युटर चालू करू नका, बस."

नको का, ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी 'बरं' म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी तिने एक सीडी आणली. चार तास तो प्रोग्राम त्या एका फाइलीशी झटत होता. आम्ही तिथेच ताटं घेऊन जेवलो. घास घेता घेता ती आकडे सांगत होती. शंभर, एकशे साठ, दोनशे दहा. ती खुशीत होती. तिच्या घरी भावंडांना अडलेलं काही सोडवून देताना ती अशीच दिसत असणार, असं मला वाटून गेलं. शेवटी दोनशे ब्याऐंशी पत्रं जशीच्या तशी आली.

"अडतीस राहिलीत," ती म्हणाली. "मजकूर आहे, पण वरच्या ओळी उडाल्यात. तारीख नाही, विषय नाही. ती जागेवर लावायला लागतील. मी करते सवडीने."

"कशी लावणार?"

"लागतील," एवढंच ती म्हणाली.

त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी कॉलेजातून आली की चहा घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायची. मी स्वयंपाकघरात असायचे. कधी तिची वहीत काही लिहिण्याची खरखर ऐकू यायची, कधी बराच वेळ काहीच नाही. बुधवारी तिने चहा तसाच ठेवला होता, वर साय धरली होती. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "नाही, ठीक आहे." गुरुवारी ती जेवली नाही, भूक नाही म्हणाली. शुक्रवारी मात्र पुन्हा बसली.

शनिवारी सकाळी तिने मला हाक मारली. "या आई, बसा. तुमचं सगळं डी-वर गेलं. बघून घ्या, मग इथलं पुसते."

मी खुर्चीत बसले. प्रोग्राम एका फटक्यात उघडला. डावीकडे ताईचं नाव, खाली वर्षं. दोन हजार तीनपासून सातपर्यंत. एक माझं पत्र, त्याखाली ताईचं उत्तर, पुन्हा माझं, पुन्हा ताईचं. साडीच्या निऱ्या बसाव्यात तशी बसलेली. मी हरखून गेले. वरून एकेक बघत खाली आले. आणि दोन हजार पाचपाशी माझा हात थांबला.

मार्चपासून डिसेंबरपर्यंतची माझी पत्रं. त्यांना तारीख नव्हती. तारखेच्या जागी तिने कंसात अंदाज लिहिला होता: एप्रिलचा दुसरा आठवडा, लग्नाआधी. मेअखेर, लग्नानंतर चार-पाच दिवस. डिस्कचा जो तुकडा सडला होता तो नेमका तेवढ्या महिन्यांचा होता. आणि तारीख नसलेलं पत्र जागेवर लावायचं तर ते वाचावंच लागतं. नुसतं वाचून भागत नाही, त्याचं उत्तर शोधून दोन्ही ताडून बघावी लागतात. ओळ न् ओळ.

काय लिहिलं होतं मी त्या पत्रांत? 'मुलगी हुशार आहे, नीटस आहे, पण गजभिये. लोकांना आडनाव काय सांगू?' असं लिहिलं होतं. 'तिला देवघरापाशी कशी येऊ देऊ?' असं लिहिलं होतं. तिची आई भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका. लग्नात तिने माझा हात धरला तर तो मी घरी येऊन दोनदा धुतला, हेही लिहिलं होतं. आपल्या माणसापाशी मन मोकळं केलं, असं तेव्हा वाटलं होतं.

माझ्याने मागे वळवेना. ती स्टुलावर बसली होती, अगदी जवळ.

"तू वाचलीस," मी म्हटलं.

"त्याशिवाय लावता आली नसती."

"मग लावलीस कशाला? खराब भागात गेली म्हणून सांगितलं असतंस तर मला काय कळणार होतं? मी तर राहू दे म्हणालेच होते."

"तेव्हा कळलं नव्हतं तुम्ही का म्हणालात ते. बुधवारी कळलं." तिने वही मिटली. "बुधवारी मी ती सगळी पुसायला निघाले होते, आई. खोटं कशाला सांगू? निनादला फोन करून सांगावं असंही वाटलं. गुरुवारी आईला फोन लावला आणि काहीच बोलले नाही, नुसती रडले."

"मग?"

"मग ताईंची उत्तरं वाचली." तिने माउस माझ्या हातातून घेतला. "हे बघा. एप्रिल. 'शरू, तुझ्या वर्गात गजभिये आडनावाची मुलगी असती आणि ती भूगोलात पहिली आली असती तर तू तिला जवळ घेतलं असतंस. घेतलं आहेस, मला माहीत आहे. मग ही तुझ्या घरात पहिली आली तर तोंड का फिरवतेस?' आता याच्या वरचं तुमचं पत्र काढून टाकलं तर या कुणाशी भांडतायत ते कसं कळणार? आणि हे जूनचं. चार पानं आहेत. चार पानं त्या माझ्यासाठी भांडल्यात." तिने ते पत्र वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवलं. "मी त्यांना लग्नात एकदाच भेटले, तेही पाच मिनिटं. मला वाटायचं या घरात माझ्या बाजूने कधी कुणी चकार शब्द काढला नसेल. निनाद सोडून. मला ठाऊकच नव्हतं की कुणीतरी तिकडे समुद्रापलीकडे बसून अडीच वर्षं माझी बाजू मांडत होतं. हे जाऊ कसं देऊ मी? ताईंची उत्तरं हवीत तर तुमची पत्रंही हवीत. म्हणून शुक्रवारी बाकीची लावली."

मी आयुष्यात पुष्कळ जणांची माफी मागितली असेल, धक्का लागला म्हणून, उशीर झाला म्हणून. खरी माफी मागायची वेळ आली तेव्हा शब्द सापडेनात. "माझं चुकलं, यशोधरा," एवढंच म्हटलं. "फार चुकलं. तुझ्या आईशीही."

चुकलं नाही असं ती म्हणाली नाही, ते बरं केलं. तसं म्हणाली असती तर मला ते खरं वाटलं नसतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "एक विचारू? प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या काहीतरी लिहितात. ते तुम्ही मला कधी का नाही सांगितलं?"

मला ठाऊक होतं ती काय म्हणतेय. लग्नानंतरच्या ताईच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची, सुनेसाठी. मी ती वाचायचे आणि पत्र मिटायचे. एकदाही तिला सांगितली नव्हती.

"किती आहेत?" मी विचारलं.

"एकेचाळीस. मोजल्यात मी."

मी माउस ओढून घेतला. चष्मा पुसला. पहिलं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले, वर्गात धडा वाचून दाखवायचे तशी. "'यशोधराला माझा आशीर्वाद सांग. तिचं नाव किती सुंदर आहे.'" दुसरं. "'यशोला आशीर्वाद. एम. टेक.चा निकाल लागला का? मला लगेच कळव.'" "'यशोसाठी खजूर पाठवतेय, तुझ्या भावोजींच्या मित्राबरोबर. तिला आवडतात असं निनाद म्हणाला.'"

"ते खजूर..." ती म्हणाली.

"हो. ते तुझे होते. मी बाजारातून आणले म्हणून सांगितलं होतं."

ती चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसली. इतक्या दिवसांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मीही हसले, रडता रडता. आणि पुढचं वाचलं. आणि त्यापुढचं. काही निरोप एका ओळीचे होते, 'यशोला आशीर्वाद' एवढेच. एकात ताईने तिला भरल्या वांग्याची कृती लिहिली होती. एकात म्हटलं होतं, 'तिला म्हणावं, शरू वरून फणस आहे, जरा वेळ लागेल.' ते वाचून मी थांबले. यशोधराने उठून पाणी आणून दिलं आणि पुन्हा येऊन बसली. यावेळी स्टुलावर नाही, माझ्या खुर्चीच्या हातावर.

एकेचाळिसावं ऑक्टोबरचं होतं, ताईचं शेवटचं. ते आलं तेव्हा मला राग आला होता, म्हणून मी उत्तर दिलं नव्हतं. मग जिला उत्तर द्यायचं ती ताईच राहिली नाही. ते मी उघडलं, पण मला वाचवेना.

"मी वाचते," यशोधरा म्हणाली, आणि तिने शेवटच्या ओळी वाचल्या. "'शरू, तू माझे आशीर्वाद तिला सांगत नाहीस हे मला कळतं. सांगत असतीस तर तिने एकदा तरी उलट नमस्कार कळवला असता. तशी मुलगी आहे ती. पण मी लिहीत राहणार. साठू देत. कधीतरी तू सगळे एकदमच सांगशील.'"

खिडकीबाहेर भाजीवाल्या बाईची हाक ऐकू येत होती.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. यशोधरा आता विभागप्रमुख आहे. निनाद परत आल्यावर त्यांनी सांगलीत घर घेतलं आणि मला तिकडे घेऊन गेले. मिरजेचं घर मी आपणहून विकलं. तिची आई दर दिवाळीत आमच्याकडे येतात. पहिल्या दिवाळीत त्या आल्या तेव्हा मी दारातच त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "पोरीने सांगितलं होतं मला. तुम्ही स्वतः सांगता का तेच बघत होती मी." नात्यातलं सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. कधी माझ्या तोंडून जुनं काही निघून जायचं आणि यशोधरा नुसती बघायची. मग मी ते मागे घ्यायचे. पण त्या शनिवारनंतर आम्ही बोलत राहिलो.

पत्रं सगळी आहेत. माझी ती अडतीससुद्धा. पुसू का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. "तुमची आहेत, तुम्ही ठरवा," ती म्हणाली. मी ठेवली. आपण काय होतो ते आपल्यालाच ठाऊक नसलं तर कुणी आपल्याला काय दिलं तेही कळत नाही.

त्या शनिवारी दुपारी मात्र मी एक काम लगेच केलं. भावोजींना पत्र लिहिलं. शेजारचे एक गृहस्थ त्यांना मेल वाचून दाखवायचे, म्हणून लांबण लावली नाही. यशोधरा शेजारी बसून होती. तिने सांगितलं म्हणून आधी तिचा नमस्कार लिहिला. मग लिहिलं, 'भावोजी, ताईचे सगळे निरोप पोचले. उशीर माझ्याकडून झाला.'